पैशाची काळजी मनात कोंडू नका

आम्ही वॉर्डात काम करायचो तेव्हाची गोष्ट. धुणीभांडी करणारी एक ताई छातीत गाठ घेऊन आली. गाठ हाताला लागून आठ महिने झाले होते, पण घरात कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही विचारलं तर म्हणाली, "सिस्टर, पोरीचं अ‍ॅडमिशन होतं. माझं दुखणं निघालं असतं तर तिच्या फीचे पैसे मलाच लागले असते."

खर्च किती येईल, हे तिने कुणाला विचारलंच नव्हतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत कॅन्सरवरही उपचार होतात, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. मुलगी दाराशी उभी राहून रडत होती. "आई, एकदा बोलली असतीस तर," एवढंच ती म्हणत होती.

असे लपवणारे पुरुषही आम्ही पाहतो. फायनान्सचा हप्ता थकलेला असतो, बायकोला सांगायची लाज वाटते. मग झोप उडते, चिडचिड होते, दारू वाढते. खर्च नको म्हणून बीपीची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. हे फार धोक्याचं आहे. बीपी आणि साखरेच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

म्हणून आमचं सांगणं आहे की महिन्यातून एक संध्याकाळ घरातल्या सगळ्यांनी वही घेऊन बसावं. मोठ्या मुलांनाही बसवा. पगार किती, हप्ते किती, उधारी कुणाची, हे सगळं लिहा. त्या दिवशी एक नियम पाळा : "तू पैसे उडवलेस" असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. बोलणी बसतील ही भीती असली की माणूस अर्धंच सांगतो. त्याच वेळी "कुणाला काही दुखतंय का?" हेही विचारा.

मग ही कामं उरका :

१. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचं नाव एकसारखं आहे का ते बघा. चूक असेल तर आजारपण येण्याआधीच दुरुस्त करा. दवाखान्यात योजनेसाठी 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारा.

२. बँकेच्या खात्याला वारस, म्हणजे नॉमिनी, लावलाय का ते पासबुकात पाहा.

३. बँकेत दोन स्वस्त विमे मिळतात. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०, मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख. दोन्हींचे पैसे मे महिन्याच्या शेवटी खात्यातून कापले जातात. तेव्हा खातं रिकामं ठेवू नका.

नॉमिनीचा विषय काढला की घरातले म्हणतात, "मरणाची गोष्ट कशाला काढता?" माणूस गेल्यावर त्याची बायको पासबुक शोधत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरते, हे आम्ही पाहिलंय. दुःखात तिला हा त्रास नको, म्हणून हे बोलायचं. "मी नसले तरी तुमची आबाळ होऊ नये" असं म्हटलं की ऐकणाऱ्यालाही ते सोपं जातं.

कर्जाच्या ताणाने घरातलं कुणी गप्प गप्प राहत असेल, "माझ्या मागे तुम्ही सुटाल" असं बोलत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं.

त्या ताईवर उपचार झाले, पण उशिरा सुरू झाल्यामुळे तिला सोसावं फार लागलं. तुमच्या घरात कुणी काही लपवत असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर त्याच्याजवळ बसा आणि विचारा.