‘एका घोटानं काय होतंय?’

बर्थडे पार्टी, कॅन्टीनचं टेबल, थंडगार कोला. दोन महिन्यांपूर्वी वजन कमी करण्याची सर्जरी झालेल्या मित्रापुढे तुम्ही ग्लास सरकवता, ‘घे रे, एका घोटानं काय होतंय?’ होतं, बॉस! स्लीव्ह सर्जरीत जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची नळी. त्यात सोड्याचा गॅस सुटला की जाणार कुठे? पोट फुगतं, कळा येतात. बायपास झाली असेल तर साखरेचा वेगळाच ताप. ३०० मिलिलिटर कोल्यात जवळपास ८ चमचे साखर. ती झपकन लहान आतड्यात उतरली की धडधड, घाम, चक्कर, जुलाब. डॉक्टर याला ‘डम्पिंग’ म्हणतात. ‘डाएट’वाला घेतला तर साखर टळते, गॅस तसाच. गोटी सोडाही त्याच माळेतला बरं का! सोड्यानं जठर ताणून पुन्हा मोठं होतं, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही, पण कळा काय कमी आहेत? त्याच्यासाठी पातळ ताक सांगा. ते तो अर्धा तास घोट घोट पीत बसेल, तेव्हा ‘आटप लवकर’ म्हणू नका.