एकामागून एक आणि एकाच वेळी : संगणकातील कामांची वाटणी



संगणकावर बोलायचे आणि तेही कोल्हापुरात, तेव्हा विषयाचा आरंभ गुऱ्हाळघरापासून केला तर आपली हरकत नसावी. गुऱ्हाळ आपल्यापैकी पुष्कळांनी जवळून पाहिलेले आहे. ऊस चरकात जातो, रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडे सारली जातात. रस तापला की भेंडीचे पाणी घालून मळी काढतात. मग रस आटतो, पाक येतो, गुळव्या तो पारखतो, काहील उतरते, पाक वाफ्यात ओततात आणि पुढे त्याचे रवे होतात. या मालिकेतले मागचे काम पुढे आणि पुढचे मागे करता येत नाही. मळी काढण्याआधीच पाक आणू पाहणाऱ्या माणसाला गुऱ्हाळावर दुसऱ्या दिवशी कोणी बोलावणार नाही.

संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे अशाच कामांची लेखी आज्ञा. त्यातल्या प्रत्येक सुट्या कामाला फंक्शन म्हणतात. फंक्शनला काही द्यायचे असते आणि त्याच्याकडून काही घ्यायचे असते. चरकाला ऊस द्यावा आणि रस घ्यावा, तसेच. आता प्रश्न असा की हातात दहा फंक्शने असतील तर ती चालवावी कशी? एक संपले की दुसरे, हा सर्वांत जुना आणि सर्वांत सरळ मार्ग. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामाला लागलेले ‘टिफ्रॅक’ हे यंत्र याच रीतीने एकामागून एक आज्ञा पाळीत असे. या पद्धतीला आपण क्रमाने चालणे म्हणू. तिच्यात घोटाळा होण्याला जागा फार थोडी असते, आणि माझे स्वतःचे मत असे की ज्याचे काम क्रमाने वेळेत होते, त्याने उगाच दुसऱ्या वाटेला जाऊ नये.

पण दुसऱ्या वाटेची गरज पडते ती वाट पाहण्यामुळे. एका गुऱ्हाळावर दोन काहिली आहेत आणि गुळव्या एकच आहे अशी कल्पना करा. पहिल्या काहिलीतला रस तापेपर्यंत तो हात बांधून उभा राहत नाही. दुसऱ्या काहिलीची मळी काढतो, पुन्हा पहिलीकडे येतो. माणूस एक, हात दोनच, आणि कोणत्याही क्षणी तो एकाच काहिलीवर काम करीत असतो. तरीही दोन आदणे एकाच काळात पुढे सरकतात. संगणकशास्त्रात याला सहकालिक चालणे म्हणतात. आता दुसरी कल्पना करा की काहिली दोन आणि गुळवेही दोन. दोघेही त्याच क्षणी आपापली मळी काढीत आहेत. हे समांतर चालणे. वर्तमानपत्रांतून आणि कधी कधी पाठ्यपुस्तकांतूनही हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. ते बरोबर नव्हे. पहिल्यात रिकामा वेळ कारणी लावण्याची युक्ती आहे, दुसऱ्यात हातांची संख्याच वाढलेली आहे.

रिकामा वेळ असा किती असणार, असे कोणाला वाटेल. आजच्या संगणकाला एक बेरीज करण्यास सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळ पुरतो. तोच संगणक दूरच्या दुसऱ्या संगणकाला काही विचारतो तेव्हा उत्तर येण्यास सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. प्रमाण कळावे म्हणून बेरजेला एक पूर्ण सेकंद लागतो असे धरले, तर त्या उत्तराची वाट पाहण्यात तीन वर्षांहून अधिक काळ जाईल. तीन वर्षे गुळव्याला बसवून पगार द्यायचा का? म्हणून बँकेचा किंवा रेल्वेच्या तिकिटांचा संगणक एका ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहताना शेकडो दुसऱ्यांची कामे उरकीत असतो, आणि तेही पुष्कळदा मोजक्याच हातांनी.

समांतर चालण्याचा जोर मात्र वेगळ्या कारणाने वाढला. २००४-०५ च्या सुमारापर्यंत संगणकाचे हृदय म्हणजे प्रोसेसर, वर्षागणिक अधिक चपळ होत होता. पुढे तो इतका तापू लागला की आणखी पळवणे परवडेना. तेव्हा कारखानदारांनी एकाच चकतीवर दोन, चार, आठ प्रोसेसर बसवण्यास आरंभ केला. आपल्या खिशातल्या फोनमध्येही आता असे अनेक गुळवे आहेत. पण गुळवे वाढले म्हणजे गूळ त्याच पटीने वाढतो असे नाही, कारण चरक एकच असतो. जीन अॅमडाल या अमेरिकन तंत्रज्ञाने १९६७ साली हाच हिशेब मांडला. कामाचा दहावा भाग जर क्रमानेच करावा लागत असेल, तर उरलेल्या नऊ भागांसाठी हजार प्रोसेसर लावा की लाख लावा, एकूण काम दहापटीहून अधिक वेगाने कधीच होणार नाही.

खर्चाचा हा हिशेब एक वेळ सोसता येईल. न सोसणारी गोष्ट वेगळीच आहे. एका अडत्याच्या पेढीवर दोन मुनीम आहेत आणि खातेवही एक आहे. शिल्लक दहा हजार रुपये. पहिला मुनीम वही पाहतो, दहा हजार लक्षात ठेवतो, जमेचे दोन हजार मनात मिळवतो. एवढ्यात दुसराही वही पाहतो. त्यालाही दहा हजारच दिसतात, तो नावेचे तीन हजार वजा करतो. पहिला बारा हजार लिहितो. दुसरा त्यावर सात हजार लिहितो. असायला हवेत नऊ हजार; दोन हजार कोणीही न चोरता नाहीसे झाले! दोघेही प्रामाणिक, दोघांचीही बेरीज-वजाबाकी बरोबर. चूक फक्त वेळेच्या गुंत्यात आहे, आणि म्हणूनच ती शोधणे महाकठीण असते. दहा हजार वेळा दोघे थोड्या थोड्या अंतराने येतात आणि वही बिनचूक राहते. एखाद्याच वेळी ते एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकतात.

ही केवळ पैशांची गोष्ट नाही. कॅनडाच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीने ‘थेरॅक-२५’ नावाचे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र बनवले होते. त्यात दोन प्रकारचे उपचार होते : एकात इलेक्ट्रॉनांचा सौम्य झोत सरळ रोग्यावर पडे, दुसऱ्यात फार प्रखर झोत मध्ये धातूचा अडसर ठेवून त्यापासून क्ष-किरण काढले जात. कोणता उपचार द्यायचा ते एका अक्षराने टंकावे लागे. यंत्रातले चुंबक त्याप्रमाणे मांडून होण्यास सुमारे आठ सेकंद लागत. टेक्सासमधील टायलर या गावी १९८६ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत असे घडले की टंकताना क्ष-किरणांचे अक्षर पडले, चूक लगेच ध्यानी आली आणि त्या आठ सेकंदांच्या आतच ते अक्षर सुधारले गेले. पडद्यावर सुधारलेले अक्षर दिसले. पण यंत्राची मांडणी करणारे दुसरे फंक्शन मधल्या काळात ते पुन्हा पाहतच नव्हते. प्रखर झोत अडसराशिवाय रोग्याच्या अंगावर पडला. ते दोन्ही रोगी दगावले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा मिळून सहा रोग्यांना या यंत्राने प्रमाणाबाहेर मात्रा दिली. सर्वच वेळचे कारण हेच होते असे नव्हे, पण टायलरचे हेच होते. हळू टंकणाऱ्याच्या हातून हा दोष कधीच उघड झाला नसता. कामात मुरलेल्या, बोटे चपळ झालेल्या माणसाच्याच हातून तो उघडा पडला. आणि याच्या आधीच्या यंत्रातही तो दोष होता. पण तेथे स्वतंत्र यांत्रिक अडसर होते, त्यांनी झोत रोखला आणि दोष झाकलेला राहिला. नव्या यंत्रात ते अडसर काढून सारा भरवसा प्रोग्रॅमवर टाकला होता.

यावर उपाय काय? वहीला कुलूप. एक मुनीम वही हाती घेईल तेव्हा वाचणे, हिशेब करणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे होईपर्यंत दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६५ साली हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला आणि त्याचे उत्तरही दिले. पण कुलपांचेही दुखणे असते. एका मुनिमाने वही धरली आहे आणि तो तिजोरीच्या किल्लीची वाट पाहतो आहे. दुसऱ्याने किल्ली धरली आहे आणि तो वहीची वाट पाहतो आहे. दोघेही सज्जन, कोणीच सोडीत नाही, आणि पेढी संध्याकाळपर्यंत ठप्प! यासाठी पेढीवर एक नियम पुरतो : आधी किल्ली, मग वही, आणि हा क्रम कोणीही मोडायचा नाही. म्हणजे पाहा, एकाच वेळी चालण्यासाठीदेखील शेवटी क्रमालाच शरण जावे लागले.

आता हे सारे आपल्या दाराशी कोठे येते ते सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. असा पाऊस येणार हे आधी कळायचे तर वातावरणाचे गणित करावे लागते, आणि ते पाऊस पडण्यापूर्वी संपावे लागते. हे गणित प्रथम हाताने करून पाहिले ते लुईस रिचर्डसन या इंग्रज गृहस्थाने, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करीत असताना. सहा तासांच्या अंदाजाला त्याला सुमारे सहा आठवडे लागले, आणि उत्तरही चुकले! तरी १९२२ च्या आपल्या ग्रंथात त्याने एक चित्र रंगवले : एका प्रचंड दालनात ६४,००० गणिती बसले आहेत, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा आहे, आणि मध्यभागी उंचावर उभा असलेला एकजण पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी आणि मागे रेंगाळणाऱ्यांवर निळा प्रकाश टाकून सर्वांना एका लयीत ठेवतो आहे.

ते दालन आज पुण्यात आहे, फक्त गणिती माणसे नाहीत. याची पायाभरणी अडवणुकीतून झाली. अमेरिकेने अतिवेगवान संगणक देण्यावर निर्बंध घातले, तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिने ‘परम ८०००’ उभा केला. एक महाबलाढ्य प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून ट्रान्सप्युटर नावाचे लहान लहान प्रोसेसर एकत्र जोडून कामाला लावले. पुढे पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ आला. अर्कचा कमाल वेग सेकंदाला कोटी गुणिले कोटी, त्याच्या ११७ पटींहून अधिक आकडेमोडी इतका आहे.

एवढा वेग लागतो कशाला? पूर्वी जगाचा अंदाज १२ किलोमीटरच्या चौकोनांवर काढीत. मे २०२५ मध्ये तो ६ किलोमीटरवर आणला. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि गणितातले वेळेचे पाऊलही निम्मे करावे लागते, म्हणून काम आठपट वाढते. आपल्याला याचा उपयोग असा की गगनबावड्याला कोसळणारा पाऊस आणि कोल्हापूर शहरातला पाऊस यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते; चौकोन मोठे असले की सह्याद्रीचा तो उतार त्यांत पुसला जातो. आता हे चौकोन हजारो प्रोसेसरांना वाटून दिले, तरी वारा आणि बाष्प बांध ओळखत नाहीत. प्रत्येक पावलाला प्रत्येकाने आपल्या कडेचे आकडे शेजाऱ्याला द्यायचे आणि त्याचे घ्यायचे. गगनबावड्याच्या चौकोनाचे गणित आधी झाले, तरी शेजारच्या कोकणातल्या चौकोनाचे आकडे येईपर्यंत त्याला पुढचे पाऊल टाकता येत नाही.