टर्बो हवा, चारही चाकांची ताकद हवी; पण कशासाठी?

रविवारी सकाळी मासळी आणायला आम्ही पाचूबंदरला जातो. २०२४च्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी भाचाही सोबत आला होता. किनाऱ्यावर गर्दी दिसली म्हणून पुढे गेलो, तर एक मोठी गाडी ओल्या वाळूत रुतलेली. मागच्या दारावर ‘फोर बाय फोर’ अशी चकचकीत अक्षरे. चालक जितका जोर लावी, तितकी चाके खोल जात. भरती लागली होती. शेवटी कोळी बांधवांनी होडीचा दोर आणला, टायरमधली हवा कमी करायला लावली, ट्रॅक्टर जोडला आणि गाडी कशीबशी बाहेर ओढली.

भाचा एक शब्द बोलला नाही. आदल्याच रात्री तो आमच्याकडे येऊन म्हणाला होता, “मामू, अब्बांशी तुम्ही बोला. मला गाडी घ्यायची आहे. छोटी, टर्बो इंजिनाची, ऑल-व्हील ड्राइव्ह. नुसती शोभेची नको.”

आमच्या आपाचे घर साधे. मेहुणे निवृत्त झालेले. भाच्याने पाच वर्षांच्या नोकरीत पाच लाख साठवले होते, मेहुण्यांनी आपल्या पैशांतून चार लाख देऊ केले होते. व्याजाचे कर्ज त्या घरात घेत नाहीत. म्हणजे नऊ लाख हीच हद्द. धाकट्या भाचीचा कॉलेजप्रवेश पुढच्याच वर्षी. मुलाचे मन मोडू नये आणि घराचे गणितही मोडू नये, अशी ही जबाबदारी आमच्यावर आली. गाड्यांतले आम्ही जाणकार नव्हतो, पण शिक्षकाला अभ्यास करायला लाज कसली? महिनाभर वाचले, शोरूम पाहिल्या, मेकॅनिकांना विचारले. वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी मागणी करणारा मुलगा असेल, म्हणून जे कळले ते इथे मांडतो.

ही हौस आली कुठून?

टर्बो म्हणजे इंजिनाला जास्त हवा देणारा पंखा. धुराड्यातून वाया जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जाळता येते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद दोनच्या ऐवजी चारही चाकांना देणे. निसरड्यावर दोन चाके घसरली तरी उरलेली दोन गाडी पुढे ढकलतात.

या दोन्हींची जोडी १९८०मध्ये ऑडी क्वाट्रोने गाजवली. माती, बर्फ आणि खडीवरच्या रॅली शर्यतींत ती इतकी सरस ठरली की बाकीच्यांना तिच्या वाटेने जावे लागले. इटलीच्या लान्सिया डेल्टाने १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षे कंपन्यांचे जागतिक विजेतेपद मिळवले. १९९२मध्ये जपानच्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन या गाड्या आल्या. रॅलीत उतरायचे तर तशीच गाडी ठराविक संख्येने सामान्य ग्राहकाला विकली पाहिजे, असा नियम होता. म्हणून शर्यतीचे यंत्र चार दारांच्या साध्या गाडीत बसून बाजारात आले, तेही त्या ताकदीच्या मानाने स्वस्तात.

लान्सर हे नाव आपल्यालाही परके नाही. १९९८पासून ती भारतात तयार होऊन विकली जात होती. टॉमी माकिनेन या फिनलंडच्या चालकाने १९९६ ते १९९९ सलग चार जागतिक विजेतेपदे लान्सर इव्होल्युशनवर मिळवली, आणि त्याच पिढीची लान्सर इथल्या रस्त्यांवर धावत होती. फरक एवढाच, की आपल्या लान्सरला टर्बो नव्हता आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना जाई. अंग तेच, आतला जीव वेगळा. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, “म्हणजे आपल्याला नेहमी अर्धीच मिळते!”

बाजारात काय मिळते?

त्याचे म्हणणे खरेच होते. छोटी, स्वस्त, टर्बो आणि ऑल-व्हील ड्राइव्ह अशी स्पोर्टी गाडी आम्हाला एकाही शोरूममध्ये मिळाली नाही. सुबारू भारतात गाड्या विकत नाही. टोयोटाची जीआर यारिस नेमकी तशी आहे, पण ती इथल्या शोरूममध्ये नाही. म्हणून कागदाचे तीन भाग करून आम्ही जे मिळते ते मांडले.

पहिला भाग: टर्बो आहे, पण ताकद पुढच्याच चाकांना. ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइनमध्ये १ लिटरचे, १२० अश्वशक्तीचे इंजिन. जून २०२४मध्ये आलेल्या टाटा अल्ट्रोझ रेसरमध्ये १.२ लिटरचे, तेवढ्याच ताकदीचे. तेव्हा सुरुवातीची शोरूम किंमत ९.४९ लाख होती. मारुती फ्रॉन्क्स टर्बो १०० अश्वशक्तीची. जुन्या बाजारात चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि रांजणगावची, २०१५मध्ये आलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो. पोलोचे इथले उत्पादन २०२२मध्ये थांबले.

दुसरा भाग: चारही चाकांना ताकद आहे, पण टर्बो नाही. मारुती ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिप प्रकारात १.५ लिटरचे १०३ अश्वशक्तीचे इंजिन. २०२२मध्ये त्याची शोरूम किंमत १६.८९ लाख होती. टोयोटा हायरायडर तिचीच बहीण. मारुती जिमनी २०२३मध्ये १२.७४ लाखांपासून आली. ती डोंगर चढणारी गाडी, वेगाची नव्हे.

तिसरा भाग: दोन्ही आहे, पण स्पोर्टी छोटी गाडी नाही. नाशिकला बनणारी महिंद्रा थार, २ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, सुमारे १५० अश्वशक्ती. उंच, जड, आणि आजीला चढायला अवघड.

शोरूमच्या किमतीवर आरटीओचा कर आणि विमा चढतो, हे विसरू नये. ९.४९ लाखांची गाडी रस्त्यावर येईपर्यंत नऊ लाखांची हद्द केव्हाच ओलांडते. दुसरा आणि तिसरा भाग तर नऊ लाखांत नव्या गाडीसाठी बंदच.

आठवड्याची वही

मग भाच्याला आम्ही एक वही दिली. “एक आठवडा रोज लिही. गाडी असती तर कुठे नेली असतीस?” वर्गातल्या मुलांना देतो तसाच गृहपाठ.

आठवडा भरल्यावर वही पाहिली. पाच दिवस वालीवचा कारखाना. नवघरच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकणे. एक दिवस आजीला डॉक्टरकडे. एक दिवस मीरा रोडला लग्न. जाताना किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरची रो-रो बोट, येताना घोडबंदरवरून महामार्गाने. बर्फ नाही, खडीचा घाट नाही. वाळू? तिथे त्याने स्वतःच लिहिले होते: “किनाऱ्यावर गाडी नेणार नाही.” किनाऱ्यावर गाडी घातली तर पोलीस गुन्हाही नोंदवतात, हे आम्ही त्याखाली जोडले.

चारही चाकांची ताकद फुकट मिळत नाही. मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा, मागचा गिअरसंच, त्याचे तेल, त्याचे वजन हे सगळे गाडी रोज वाहते. ग्रँड व्हिटाराचा कंपनीने २०२२मध्ये सांगितलेला मायलेज साध्या मॅन्युअलला लिटरमागे २१.११ किलोमीटर होता, ऑलग्रिपला १९.३८. टायरही चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले लागतात. एकच नवा टाकून भागत नाही. आणि आपल्याकडची खारी हवा! पाचूबंदरच्या आसपास सायकलसुद्धा वर्षभरात गंजते. गाडीच्या पोटाखाली जितके लोखंड जास्त, तितकी काळजी जास्त.

सगळ्यात मोठा गैरसमज वेगळाच आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला पळायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतो. थांबणे ठरते ते टायर, रस्ता आणि वेगावर. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. ती महागडी गाडी चारही चाकांना ताकद देणारी होती, तिला एअरबॅगही होत्या. मागे बसलेले दोघे गेले; त्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या सीटवरही पट्टा लावणे कायद्याने सक्तीचे आहे, हे आपल्यापैकी कितीजण पाळतात?

हे सारे भाच्यासमोर ठेवले आणि निर्णय त्याच्यावर सोडला. दोन दिवस तो फिरकला नाही. आपा काळजीत पडली. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, “मामू, टर्बो मी सोडणार नाही. बाकीचे सोडतो.” मेहुणे हसले. इतका हट्ट चालेल, असा त्यांचा अर्थ.

घेताना काय पाहिले

तीन वर्षे वापरलेली, पुढच्या चाकांची टर्बो हॅचबॅक सव्वासात लाखांत रोखीने घेतली. घेण्यापूर्वी मेकॅनिकाला सोबत नेले. सर्व्हिसची पुस्तिका पूर्ण आहे का पाहिले; टर्बो तेलावर जगतो, तेल वेळेवर न बदललेली गाडी कितीही चमकत असली तरी घेऊ नये. थंड इंजिन आम्ही स्वतः सुरू करायला लावले. मागून निळसर धूर आला तर तेल जळते आहे असे समजावे. जोर लावताना शिट्टीसारखा मोठा आवाज येतो का, हे ऐकले. ताकद वाढवण्यासाठी कुणी संगणकात फेरफार केलेली गाडी असेल तर दूर राहावे. वॉरंटीही जाते आणि विम्याचा दावाही अडू शकतो. महामार्गावरून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहते.

उरलेल्या पैशांतून चार चांगले नवे टायर, ब्रेकचे काम आणि पूर्ण विमा झाला. त्यानंतरही लाखाहून जास्त शिल्लक राहिले. ते मेहुण्यांनी भाचीच्या नावाने वेगळे ठेवले. पैसे ठेवताना भाचा स्वतः बँकेत गेला होता.

परवा पुन्हा सगळे पाचूबंदरला गेलो. गाडी डांबरी रस्ता संपतो तिथेच उभी केली आणि मासळीची पिशवी घेऊन वाळूतून चालत गेलो. परत निघताना आजी मागे बसल्या. भाच्याने चावी फिरवली नाही. आरशात पाहत म्हणाला, “दादी, पट्टा.” आजी कुरकुरल्या, पट्टा शोधला, लावला. मग गाडी निघाली.