तिच्या हातात माईक होता

‘अगो बाय! ह्या वयात नाचते ही?’

आमच्या बचत गटाच्या बैठकीतला हा पहिला उद्गार. जानेवारी २०२५ मधली गोष्ट. सापगावात भातसा नदीवरून गार वारा येत होता. हप्त्यांचा हिशेब आटोपला होता आणि आम्ही ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. तेवढ्यात माझ्या धाकट्या जावेनं मोबाइलवर आशा भोसले लावल्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचा दुबईला कार्यक्रम झाला, त्यातला तुकडा. पांढऱ्या साडीतल्या आशाताई ‘बॅड न्यूज’ सिनेमातलं ‘तौबा तौबा’ गात होत्या. नातवंडांच्या पिढीचं गाणं! गाता गाता त्यांनी विकी कौशलची ती गाजलेली स्टेपही करून दाखवली आणि सगळं सभागृह ओरडलं.

आमच्या ओटीवर मात्र दोन तट पडले.

‘शोभतं का हे?’ एक काकू म्हणाल्या.

‘का नाय शोभत? अमिताभ नाचला तर इचारता का तुम्ही?’ जाऊबाईंनी लगेच परतवलं.

‘आवाज पयल्यासारखा नाय राहिला पण.’

‘तुझा राहिलाय का?’

सगळ्या हसल्या. मग कुणीतरी वय विचारलं. जन्म ८ सप्टेंबर १९३३ चा, म्हणजे कार्यक्रमाच्या वेळी ९१ पूर्ण. ऐकून सगळ्या गप्प. १९४३ साली ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी त्या पहिल्यांदा गायल्या, तेव्हा जेमतेम दहा वर्षांच्या होत्या. नव्वदावा वाढदिवसही त्यांनी २०२३ मध्ये दुबईतच रंगमंचावर गाऊन साजरा केला होता. ‘तौबा तौबा’चा मूळ गायक करण औजला यानंही आशाताईंनी आपल्यापेक्षा छान गायलं, असं मोकळेपणानं सांगितलं.

‘माझे गुडघे तर बावन्नाव्या वर्षीच गेले,’ काकू पुटपुटल्या. मगाचा सूर आता खाली आला होता.

या सगळ्यात माझ्या सासूबाई एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मैत्रिणींनो, त्या आमच्याकडच्या धवळारीण. आपल्या ठाणे जिल्ह्यात लग्नात धवळे गाणाऱ्या बाईला हा मान असतो. आद्य मराठी कवयित्री महदंबेनं तेराव्या शतकात धवळे रचले, इतकी ही जुनी परंपरा. सासूबाई लिहायला-वाचायला शिकल्या नाहीत, पण रात्रभर पुरतील एवढी गाणी त्यांना पाठ. काही वर्षांपूर्वी एका हळदीत त्या गात असताना पोरांनी मध्येच डीजे चालू केला. ‘बास आता, आजी,’ एवढंच कुणीतरी म्हणालं. त्या उठल्या, पदर सावरला आणि घरी आल्या. त्यानंतर कुठेच गायल्या नाहीत. ‘घसा बसतो,’ म्हणायच्या. आम्हीही ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं.

त्या दिवशी शेंगा सोलता सोलता त्या एवढंच म्हणाल्या, ‘तिच्या हातात माईक होता ना. कुणी काढून नाय घेतला.’

मला चपराक बसल्यासारखं झालं. वयाचं काय घेऊन बसलो होतो आम्ही! आशाताईंची जिद्द आहेच. पण समोर बसलेल्या माणसांनी नव्वदीतल्या बाईचं गाणं ऐकायचं ठरवलं होतं, हेही तेवढंच खरं. आपण आपल्या घरातल्या बाईचं किती ऐकतो?

पुढे मे महिन्यात पुतणीची हळद होती. जाऊबाईंनी डीजेवाल्या पोराला आधीच बजावलं, ‘पहिला अर्धा तास आमचा.’ सासूबाई नको नको म्हणत बसल्या, मग गायला लागल्या. आवाज चिरकला. दोन ठिकाणी ओळ विसरल्या. तेव्हा मागून कुणी पुढचा शब्द सांगितला माहीत आहे? मघाच्या त्याच काकूंनी! त्यांनाही हे सगळं पाठ होतं, आणि आम्हाला कधी कळलंच नव्हतं.

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. धवळ्यांना टाळ्या वाजवत नाहीत. पण अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला, तरी जागचं कुणी उठलं नाही.