मधमाशी आणि औषध

आमच्या मोरगावात काहीजण बियाण्यासाठी कांदा लावतात. त्याला पांढरे गोंडे येतात. मधमाश्या या गोंड्यावरून त्या गोंड्यावर जातात. त्यांच्या अंगाला परागकण चिकटतात, म्हणून बी धरते. बीच नसेल तर बाजारात कांदा कुठून येणार?

मागच्या साली अण्णांनी फुलांवर सकाळीच औषध मारलं. दुपारी वाफ्यात माश्या मरून पडल्या होत्या. बी कमीच निघालं.

गुरुजींनी सांगितले, फुले असताना फवारू नये. फारच कीड पडली तर दिवस मावळल्यावर फवारावे. तेव्हा माश्या पोळ्यात गेलेल्या असतात. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे माणसालाही सर्वांत जहाल.

आता फवारणीआधी अण्णा मला डबा वाचायला लावतात.