टिप महाग, जॉब स्वस्त

आगाशीहून विरारमार्गे वसई पूर्वेला गेलं की वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांमध्ये लेथ आणि सीएनसी मशीनवर धातूकाम चालतं. अशा लहान कारखान्याची काटकसर टिपेपासून, म्हणजे कार्बाइड इन्सर्टपासून, सुरू होणं स्वाभाविक आहे. हा खर्च रोखीचा आणि डोळ्यांसमोरचा. पण जॉबच्या एकूण खर्चात टिपेचा वाटा साधारण ३ टक्के धरतात. बाकी सगळं मशीनचा वेळ, पगार, वीज आणि माल. टिप फुकट मिळाली तरी वाचतात ते तीनच टक्के. उलट त्याच ठोकताळ्याने कटिंग स्पीड २० टक्के वाढला, तर जॉबमागे दहा टक्क्यांहून अधिक वाचू शकतात. म्हणून चांगल्या कोटिंगच्या टिपेला हात आखडता घेणं मला तोट्याचं वाटतं.

हा वेग येतो तो मायक्रॉनमध्ये मोजायच्या थरांमुळे. टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टच्या बंधाने भाजली की टिपेचं अंग तयार होतं. त्यावर कोटिंग चढवलेल्या टिपा १९६९च्या सुमारास स्वीडनच्या सँडविकने बाजारात आणल्या. पोलाद टर्निंगच्या टिपेवर आज सहसा टायटेनियम कार्बोनायट्राइडचा थर घासणं सोसतो आणि त्यावरचा अ‍ॅल्युमिनाचा थर उष्णता अडवतो. याच सँडविकने २०१३ मध्ये अ‍ॅल्युमिनाचे स्फटिक एकाच दिशेला उभे राहतील असं कोटिंग आणलं, त्यामुळे धार आणखी टिकते. सीएनएमजी १२०४०८ ही नेहमीची टिप घ्या: चार वापरायचे कोपरे, प्रत्येकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. एका कोपऱ्यावर किती जॉब निघाले, हा खरा हिशेब.

जुन्या लेथला तेवढा स्पीडच नाही, मग महाग टिप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. खिळखिळ्या मशीनवर किंवा तुटक कटमध्ये कठीण ग्रेडची धार चिरकते. पण यावर उपाय कोटिंग टाळणं हा नाही, ग्रेड बदलणं हा आहे. जाड सीव्हीडी थर सुमारे १००० अंशांवर चढतो. पातळ पीव्हीडी थर ५०० अंशांच्या आसपास, त्यामुळे धार तीक्ष्ण राहते आणि धक्के जास्त सोसते. अगदीच मंद कामाला एचएसएस टूल पुरतं, तिथे हट्ट नको. बाकी ठिकाणी डब्यावरची अक्षरं वाचा: पी म्हणजे पोलाद, एम म्हणजे स्टेनलेस, के म्हणजे बीड. शेजारी छापलेल्या स्पीड-फीडने सुरुवात करा, आणि झिजलेल्या टिपा भंगारात मिसळू नका. त्यातल्या टंगस्टनला वेगळा भाव मिळतो.