मराठी भयकथेचा वाचक आणि रक्तपिशाच

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कादंबऱ्या आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथा वाचून जो विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येतो, तो केव्हातरी एक प्रश्न विचारतोच : व्हॅम्पायरविषयीच्या पुस्तकांपैकी आधी कोणते वाचावे? 'ड्रॅक्युला' एवढे एका शब्दाचे उत्तर देऊन मोकळे होण्याचा मोह येथे पडतो. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. काउंटचा वाडा सोडून कथा इंग्लंडात आली आणि मैत्रिणींची पत्रे सुरू झाली, की पुस्तक मिटून ठेवणारे चांगले वाचक वर्ध्यात आम्ही पाहिले आहेत. त्यांची अभिरुची कमी प्रतीची आहे असे मुळीच नाही. ज्या भुताची त्यांना ओळख आहे त्याची जात निराळी आणि पुस्तकातील भुताची जात निराळी, हे त्यांना कोणी आधी सांगितलेले नसते. ते सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

व्हॅम्पायर हा शब्द स्लाव भाषांतून आला. १७२५ साली, आणि पुन्हा १७३१–३२ च्या हिवाळ्यात, हॅब्सबर्ग साम्राज्याच्या ताब्यातील सर्बियामध्ये काही खेड्यांतील थडगी उकरली गेली व त्या प्रकारांचे सरकारी अहवाल लिहिले गेले. पुरलेले प्रेत कुजलेले नाही, तोंडाशी ताजे रक्त दिसते, छातीत खुंटी ठोकताच ते कण्हते, अशा मजकुराचे हे कागद युरोपभर फिरले आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही फिरला. या सर्व प्रकरणात महत्त्वाची गोष्ट एकच आहे : व्हॅम्पायर हा देह आहे. तो जमिनीखाली असतो, रात्री उठतो, त्यास भूक लागते, आणि खुंटीने तो नष्ट करता येतो. ज्या समाजात बहुसंख्य प्रेते चितेवर जातात तेथे असा देहधारी मृत उरण्यास जागाच नाही. आपल्याकडेही लहान मुले, संन्यासी, लिंगायत, मुसलमान यांना पुरतात, हे खरे. तथापि लोककल्पनेचा मुख्य साचा दहनानेच ठरविला आहे.

मराठीतील भुतांची नावे पाहिली तर हा भेद तत्काळ ध्यानात येतो. मुंजा म्हणजे मुंज झाल्यानंतर सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा. त्याचे घर पिंपळावर. अलवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली स्त्री. समंध हा वासना मागे ठेवून गेलेला, पुष्कळदा पुरलेल्या द्रव्यावर जीव अडकलेला ब्राह्मण. खवीस मुसलमानाचे भूत, आणि नावही अरबी 'खबीस'वरून आलेले. हे वर्गीकरण जात, वय, लग्न, बाळंतपण आणि अपुरी राहिलेली इच्छा यांवर उभारलेले आहे. कोणते भूत काय खाते, हा त्यात गौण मुद्दा. मराठी भूत ही एक प्रकारची कौटुंबिक थकबाकी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

क्रियापदही हेच सांगते. माणसाला भूक लागते, तहान लागते, दृष्ट लागते, तसेच भूत लागते. माणूस चतुर्थीत, भूत प्रथमेत, आणि कर्तृत्व कोणाकडेच स्पष्टपणे नाही. 'भुताने पछाडले' असा सकर्मक प्रयोग आपण करतो, पण त्या पछाडण्यातही दात, जिव्हा, मान यांचा उल्लेख नसतो. भूत आत शिरते, अंगात येते, मग ते बोलू लागते आणि त्याला 'तुला काय हवे?' असे विचारता येते. व्हॅम्पायर बाहेरून येतो, चावतो आणि शोषतो. त्याच्याशी बोलणी संभवत नाहीत. मराठी वाचकास 'ड्रॅक्युला'त प्रथम खटकते ते हेच : या भुताला हवे तरी काय, हे कोणी विचारीतच नाही.

मग वेताळाचे काय, असा आक्षेप येईल. रिचर्ड बर्टन याने १८७० साली वेताळपंचविशीतील अकरा कथा 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' या नावाने इंग्रजीत आणल्या आणि तेव्हापासून वेताळ म्हणजे भारतीय व्हॅम्पायर हा समज रूढ झाला. समीकरणाला आधार अगदीच नाही असे नव्हे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त वेताळ हा शिंशपा वृक्षावर लटकणाऱ्या प्रेतात शिरलेला आहे. म्हणजे येथे देह आहे. पण तो देह भाड्याचा आहे. वेताळ रक्त पीत नाही, गोष्टी सांगतो, कोडी घालतो, आणि शेवटी राजाला कपटी भिक्षूपासून वाचवितो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० च्या सुमारास वेताळपंचविशी मराठीत आणली, ती भयासाठी नव्हे, बोधासाठी व करमणुकीसाठी. शिवाय कोकणात व गोव्यात वेताळ ग्रामदैवत आहे. बेताळभाटी या गावाच्या नावातच तो वसलेला आहे. रात्री गस्त घालून गावाचे रक्षण करणाऱ्या देवाला व्हॅम्पायर म्हणणे हा भाषांतराचा अपराधच होय.

'रक्तपिपासू' हा प्रतिशब्दही फसवा आहे, कारण ती जागा मराठीत आधीच भरलेली आहे. या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात रक्तपिपासू म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सावकार येतो, थडग्यातला सरदार नव्हे. मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या १८६७ मधील पहिल्या खंडात भांडवलाला जिवंत श्रम शोषणाऱ्या व्हॅम्पायरची उपमा दिली. ती मराठीत विनासायास उतरते. कथा मात्र उतरत नाही. म्हणून आम्ही येथे 'रक्तपिशाच' हा शब्द कामचलाऊ म्हणून वापरीत आहोत. त्यातील 'पिशाच' या अंगाविषयी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास थोडे विषयांतर क्षम्य वाटेल. प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथील सातवाहनाच्या सभेतील गुणाढ्याने पैशाची भाषेत बृहत्कथा लिहिली आणि अरण्यात शाई नसल्यामुळे ती स्वतःच्या रक्ताने लिहिली, अशी आख्यायिका सोमदेव देतो. हेमचंद्राने या भाषेचे लक्षण सांगताना 'द'च्या जागी 'त' येतो असे म्हटले आहे : दामोदराचा तामोतर होतो. पिशाचांची म्हणून समजली गेलेली ही भाषा ध्वनिनियमाने ओळखता येत होती. आजच्या मराठी गोष्टीतले भूतही नाकात बोलते आणि त्या अनुनासिकावरूनच पकडले जाते.

येथून ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'कडे (१८९७) वळल्यास ते पुस्तक निराळे दिसू लागते. दुसऱ्याच प्रकरणात काउंट आपल्या पाहुण्यास विनंती करतो की, माझे इंग्रजी उच्चार सुधारा. लंडनच्या रस्त्यात मी परका म्हणून ओळखू येता कामा नये. आपले भूत उच्चारामुळे सापडते. हे भूत उच्चार शिकून घेऊन निसटू पाहते. पुढील रोजनिशा, पत्रे, तारा, ग्रामोफोनसारख्या यंत्रावर बोलून ठेवलेली टिपणे, हा सारा पसारा म्हणजे परक्याचा माग काढण्यासाठी जमविलेले दप्तर आहे. हे ध्यानात ठेवून वाचले तर मधली पत्रे कंटाळवाणी वाटत नाहीत. तरीही हे पुस्तक पहिले नको, तिसरे किंवा चौथे असावे.

पहिले कोणते? मतकरींच्या वाचकाला आम्ही शेरिडन ले फानूची 'कार्मिला' (१८७२) देऊ. कथा लहान आहे, आणि घरातच घडते. एकाकी मुलगी, आकस्मिकपणे दारी आलेली सुंदर पाहुणी, तिच्याविषयीची ओढ आणि किळस एकाच वेळी. भरताने बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे, आणि त्याचे नमुनेदार उदाहरण विदर्भातीलच पद्मपूरच्या भवभूतीने 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात, स्मशानात नरमांस विकावयास निघालेल्या माधवाच्या रूपाने, देऊन ठेवले आहे. पुढील साहित्यशास्त्राने मात्र शृंगार व भयानक यांना परस्परविरोधी मानले. 'कार्मिले'त भय शृंगारातूनच उपजते. आपल्या रसव्यवस्थेत न बसणारी ही गोष्ट मराठी वाचकाला पहिल्या वीस पानांत पटते, ही ले फानूची करामत. पॉलिडोरीची 'द व्हॅम्पायर' (१८१९) इतिहासासाठी एकदा चाळावी. १८४५–४७ मधील 'व्हार्नी' हे अजस्र प्रकरण न वाचल्याने कोणाचेही नुकसान होणार नाही.

धारपांच्या वाचकाचा मार्ग वेगळा. त्याने 'लुचाई'पासून निघावे आणि मग स्टीफन किंगची "सेलम्स लॉट" (१९७५) वाचावी. पहिली दुसरीवर आधारलेली आहे. रूपांतर म्हणून 'लुचाई'ला कमी लेखणारे अभ्यासक आहेत. आम्हांला तिचे शीर्षकच अभ्यासनीय वाटते. वासरू गाईला लुचते, मूल आईला लुचते. शोषण्यासाठी मराठीत असलेला हा सर्वांत घरगुती, सर्वांत निष्पाप धातू. त्यापुढे ऐकू येणारे '-आई' मरीआईची आठवण देते, आणि 'लुच्चाई'चा ध्वनीही दूर नाही. 'रक्तपिपासू'ला जे साधले नाही ते या तीन अक्षरांत साधले आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचताना एक गोष्ट विशेष पाहावी : किंगच्या कादंबरीत क्रूस हे शस्त्र आहे, आणि श्रद्धा डळमळताच ते पाद्र्याच्या हातात निस्तेज होते. मराठीत या क्रूसाच्या जागी काय येते, आणि जे येते त्याचे सामर्थ्य श्रद्धेवर अवलंबून असते की मंत्राच्या बिनचूक उच्चारावर? या प्रश्नावर एखादा उत्तम लघुप्रबंध होऊ शकेल. 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटामुळे धारपांकडे वळलेल्या नव्या वाचकांनाही हीच जोडी उपयोगी पडेल.

क्रूसाचा हाच प्रश्न रिचर्ड मॅथेसनने 'आय ॲम लेजंड' (१९५४) मध्ये उघडपणे विचारला आहे. ओसाड लॉस एंजेलिसमध्ये एकटा उरलेला नायक पाहतो की, क्रूस काही रक्तपिशाचांना भिववितो, पण ज्यू शेजाऱ्यावर त्याचा काडीइतकाही परिणाम होत नाही. रोगाचे कारण जंतू, पण भीतीचे कारण पूर्वसंस्कार. हिंदुस्थानी वाचकाच्या मनात 'ड्रॅक्युला' वाचताना जी शंका येते तिला इतके प्रामाणिक उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले आमच्या वाचनात नाही. ॲन राइसच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' (१९७६) मध्ये रक्तपिशाच प्रथमपुरुषी बोलतो, आपले दुःख सांगतो. म्हणजे अखेर 'तुला काय हवे?' हे त्याला विचारले जाते. कल्पना मोठी आहे. विस्तार मात्र आम्हांला सोसला नाही.

आपल्या उंबरठ्याची जाण ज्यांना आहे त्यांच्यासाठी एक पुस्तक राखून ठेवले आहे : योन आयविदे लिंडक्विस्ट या स्वीडिश लेखकाची २००४ मधील कादंबरी, इंग्रजीत 'लेट द राइट वन इन'. स्टॉकहोमच्या एका उपनगरात, १९८१ साली, शाळेत मार खाणारा एक मुलगा आणि शेजारी राहावयास आलेले, वयाने बारा वर्षांचे भासणारे मूल यांची ही मैत्री. बोलाविल्यावाचून रक्तपिशाचास घरात येता येत नाही, हा नियम स्टोकरने एका वाक्यात उरकला होता. तिन्हीसांजेला दारात उभ्या असलेल्याला 'या' म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबणाऱ्या घरांत जे वाढले, त्यांना लिंडक्विस्टने त्या नियमाचे काय केले हे समजावून सांगावे लागणार नाही. मुलगा दारातल्या मित्राला मुद्दाम 'ये' म्हणत नाही. मित्र तरीही उंबरठा ओलांडतो, आणि त्याच्या सर्वांगातून रक्त येऊ लागते.